ताटाजवळची सिगारेट

तिसरी काडीही विझली, आणि मंजूच्या हातातल्या सिगारेटचं टोक नुसतं काळं पडलं.

समोर वीरेंद्रचा फोटो, फोटोपुढे पानावर वडे, कढी, भात. पितृपक्षात गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं वाढायचं. आणि खैरलांजीच्या बसवर कंडक्टर असलेल्या वीरेंद्रला जेवण एकवेळ नसलं तरी चालायचं, सिगारेट लागायचीच. तिनेच पंचेचाळिसाव्या वर्षी त्याची छाती पोखरली, असं डॉक्टर म्हणाले होते. पण गेलेल्या माणसाशी कसला वाद घालायचा!

दरवर्षी दीर घनश्याम एक झुरका मारून ती पेटवून ठेवायचा. यंदा तो मलाजखंडच्या खाणीत ड्यूटीवर अडकला होता, आणि पान खोळंबलं होतं.

खरं तर मंजूच त्या धुरासाठी खोळंबली होती. वीरेंद्रचा शेवटचा शर्ट तिने धुतलाच नव्हता. पण तीन वर्षांत पेटीतल्या त्या शर्टाला डांबराच्या गोळ्यांचाच वास उरला होता. वर्षातला हा एकच दिवस घरात तिच्या माणसाचा वास यायचा.

"रजत, इकडे ये बाबू. तूच पेटव. ओढल्याबिगर धरत नाही ते."

दहावीतला रजत दारातच थबकला.

"मी? रहने दे ना मम्मी. काका आल्यावर करू."

"पितर थांबतेत का काकासाठी? जरासाच ओढ. ठसका लागन तुले."

तिने पाण्याचा ग्लास भरून त्याच्याजवळ ठेवला.

रजतने सिगारेट ओठांत धरली. हाताचा आडोसा करून एकाच काडीत पेटवली, डोळे बारीक करून झुरका घेतला आणि धूर सावकाश नाकातून सोडला. थेट वीरेंद्रसारखा. खोकायचं त्याला मागाहून आठवलं. तो खोकला, पण पाण्याला त्याने हात लावला नाही.

खोलीत तो वास भरला. मंजूचे डोळे आपोआप मिटले. असं नुसतं बसून राहावं, काही विचारू नये, असं तिला फार वाटलं.

तिने डोळे उघडले.

"कवापासून?"



"नववीपासून. शाळेच्या मागं. सब पीते हैं मम्मी."

मंजूने त्याच्या बोटांतली सिगारेट काढून घेतली आणि ग्लासात बुडवली. चर्र झालं.

"माफ करा जी," ती फोटोला म्हणाली. "एकच पोरगा हाय मले."

"मम्मी, पप्पाचं ताट अधुरं राहीन ना."

"तुह्या पप्पाले चाय बी खूब आवडे. आता दरसाल चायच ठेवू. जा, गंजात दूध हाय."

तो आत गेला. स्टोव्हवर दुधाचं पातेलं ठेवल्याचा आवाज आला. मंजू उठली आणि तिने हळूच खिडकी लावून घेतली. वास अजून थोडा शिल्लक होता.