लाल झाकण

'वृद्धाश्रम' म्हणायचं नाही, 'निवास' म्हणायचं, हा मॅनेजरबाईंचा पहिला दंडक. पाहुण्यांसमोर आवाज चढवायचा नाही, हा दुसरा. तिसरा तेवढा कामाचा: लाल झाकणाच्या कपात घट्ट केलेला चहा, कारण पातळ काहीही मास्तरांच्या पोटात न जाता फुप्फुसात उतरतं. मागच्या खेपेला उतरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा झालं तर हॉस्पिटलातून परत पाठवायचा प्रश्न येणार नाही. निळं झाकण शेजारच्या वकीलसाहेबांचं. पातळ, पण मधुमेहामुळे बिनसाखरेचा.

मावशी चहा ठेवून वळली. वय बत्तीस, पण ऐंशीच्या पोरांनाही मावशी लागतेच.

"मावशी, हा चहा आहे की खळ?" वकीलसाहेब म्हणाले. "पाकिटं चिकटवू का?"

मावशीनं वळून दोन्ही कप पाहिले. वकिलांच्या कपावर निळं झाकण, मास्तरांच्या कपावर लाल. सगळं नियमाला धरून. मास्तरांनी उभा जन्म पोरांच्या कॉप्या पकडण्यात घालवला होता. कप बदलून झाकणं पुन्हा जागच्या जागी लावण्याएवढी विद्या त्यांच्याकडे असणारच.

मास्तरांचे गाल फुगलेले होते. घोट तोंडात होता.

नेमक्या त्याच वेळी मॅनेजरबाई एका कुटुंबाला घेऊन आत आल्या. मुलगा, सून आणि 'नुसतं बघायला' आणलेली आजी. ओरडलं तर नोकरी जाईल. त्याहून वाईट म्हणजे मास्तर दचकतील, ठसका लागेल, आणि चहा नको तिथेच जाईल.

मावशी पळाली नाही. चालत गेली, शेजारी बसली.

"मास्तर, गिळायचं नाही हं. हनुवटी खाली. माझ्याकडे बघा."

मास्तरांनी बघितलं. डोळ्यांत नुसता हट्ट. कित्येक महिन्यांनी जिभेवर खराखुरा चहा आला होता. तो असा सुखासुखी सोडतो कोण? गळ्याची घाटी किंचित हलली.

"थुंका. माझ्या अ‍ॅप्रनवर थुंका. रविवारी नात येईल, तिला काय सांगू? आजोबा एका घोटापायी गेले?"

"बघा, किती आपुलकीनं बोलतात आमची माणसं," मागून मॅनेजरबाई म्हणाल्या.

मास्तरांनी तोंड वाकडं केलं आणि थुंकले. बरंचसं अ‍ॅप्रनवर, उरलेलं पाहुण्या सुनेच्या चपलांवर. मॅनेजरबाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. त्यातला जीव तेवढा निघून गेला.

मावशीनं मास्तरांच्या छातीशी कान नेला. घरघर नव्हती. मग तिनं लाल झाकणाचा कप उचलून लांब ठेवला.

"बिनसाखरेचा!" मास्तर कडाडले. "जीव धोक्यात घातला, आणि तोही बिनसाखरेचा!"

आल्यापासून तोंड मिटून उभी असलेली आजी खुदकन हसली.

पलीकडे वकीलसाहेबांनी रिकामा कप उलटा करून दाखवला. "खळ होती, पण गोड होती हो. अजून आहे?"

मावशी साखर तपासायचं यंत्र आणायला पळाली. आता पळायला हरकत नव्हती.