स्वारी आली

मित्रांनो, त्या रविवारी सकाळी माझा हिरवा दिवा नुसता नाचत होता! जिन्याच्या वळणावर एक ओळखीचा फोन आला होता. त्याने मला साद घातली, मी त्याला आत घेतलं आणि लगेच बाबांच्या फोनला निरोप धाडला, 'स्वारी आली'. बाबांच्या खिशात फोन थरथरला. टीव्ही मोठ्याने चालू होता. त्यांना तो तसाच लागायचा. चहाचा कप खाली ठेवून ते इतक्या घाईने निघाले की एक चप्पल खुर्चीखालीच राहिली. बेल वाजायच्या आत दार उघडं!

"काय बाईसाहेब, वाट चुकलात?"

"रस्त्यात केवढी गर्दी होती, बाबा," लेक म्हणाली आणि पिशवी त्यांच्या हातात देऊन आत गेली. दर वेळी ती हेच म्हणायची. तिला वाटायचं, बाबा तिची पावलं ओळखतात.

मी कोण? या घरातला जुना राऊटर. कपाटाच्या डोक्यावर माझी जागा. दोन काड्या कानांसारख्या उभ्या, त्यातली एक झाडूचा धक्का लागून वाकडी झालेली. घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेरच्या जगाशी जोडायचं, हे माझं काम. कोण आलं, कोण गेलं, हे माझ्याआधी कुणालाच कळत नाही. काय मजा असते म्हणून सांगू!

बाबांनी आयुष्यभर एका गोदामात माल उतरवून घेतला. ज्या खोक्यावर चिठ्ठी नाही ते खोकं आत घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. मला बसवल्यावर त्यांनी फोनवर पाहिलं, तर माझ्याशी जोडलेल्या यंत्रांच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे.

"अगं, घरात ही कोण मंडळी शिरलीयत?" ते ओरडले.

"मंडळी कसली? आपलाच टीव्ही असेल," आई म्हणाली.

"मग त्याला नाव नको?"

झालं! त्या दिवसापासून घरात बारशांचा धडाकाच लागला. टीव्ही सुरू व्हायला वेळ लावायचा, तो 'आळशी'. प्रिंटर ऐन गरजेच्या वेळी हटून बसायचा, ती 'रुसूबाई'. आईचा टॅब 'गृहखातं'.

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?" आईने विचारलं.

"कुठे काय? तुझ्या परवानगीशिवाय पान हलत नाही, एवढंच."

स्वतःच्या फोनला त्यांनी 'शिपाई' म्हटलं. साहेब का नाही, असं आईने विचारलं, तर म्हणाले, "साहेब दार उघडत नाहीत."

एकदा लेक नवा फोन घेऊन आली. दिवाणखान्यात बसून तिने मला पासवर्ड दिला. मला कोण आनंद झाला! पण आतल्या खोलीत बाबांना फोनवर दिसली ती नुसती अक्षरं आणि आकडे. चिठ्ठी नसलेलं खोकं! त्यांनी तडक त्याला अडवलं.

"बाबा, तुमचं नेट गेलं वाटतं!"

"नेट जागेवर आहे. चोर शिरला होता, हाकलला मी त्याला!"

आई पदरात तोंड लपवून हसत होती. "अहो, पोटच्या पोरीला बाहेर काढलंत!" मग बाबांनी स्वतः त्या फोनला आत घेतलं, 'स्वारी' हे नाव दिलं आणि वरून चहाही केला.

सुरुवातीला सांगितला त्या साध्या रविवारानंतर, दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी, बाबा खुर्चीत बसल्याबसल्या गेले.

लेक धावत आली. जिन्याच्या वळणावर तिचा फोन मला भेटला आणि मी नेहमीसारखा निरोप पाठवला. मला दुसरं काय येतं? बाबांचा फोन टेबलावर थरथरला. तो उचलायला कुणी आलं नाही. लेक बंद दारासमोर उभी राहिली, आणि मग तिने बेल वाजवली. आमच्या घराची बेल मी तिच्या हातून फार दिवसांनी ऐकली.

काही आठवड्यांनी आईचा टॅब अडखळू लागला म्हणून नेटवाला आला. लेक घरीच होती. नेटवाल्याने माझ्या यादीतली नावं पाहिली आणि तो हसू लागला. "ताई, हे गृहखातं काय प्रकार आहे? बरं, बंद पडलेली यंत्रं काढून टाकतो. हा शिपाई बरेच दिवस आलेला नाही. काढू ना?"

माझा दिवा क्षणभर लुकलुकायचा थांबला असेल. शिपाई गेला तर मी निरोप कुणाला देणार?

"काढा," लेक हळूच म्हणाली. "तो फोन आता कुणी वापरत नाही."

"थांबा हो!" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "शिपाई गेला तर हिला दार कोण उघडायचं?"

"म्हणजे?"

"तुला काय वाटलं, त्यांना तुझी पावलं ऐकू यायची? अगं, त्यांना बेलसुद्धा ऐकू येत नव्हती. मागे एकदा मी घरात नसताना तू बराच वेळ बेल वाजवत उभी राहिलीस ना? फार ओशाळले त्या दिवशी. तुला सांगू नको म्हणाले. मग खटपट करून हा निरोप बसवून घेतला. फक्त तुझ्यासाठी."

लेक उठली. तिने बाबांचा फोन ड्रॉवरमधून काढून चार्जिंगला लावला. 'शिपाई' माझ्याशी पुन्हा जोडला गेला. मित्रांनो, काय सांगू! माझे चारही दिवे एकदम पेटले!

तुमच्याही घरात कुठेतरी माझ्यासारखा एखादा डबा असेल. त्याच्यावरची धूळ पुसा, आणि त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या मनाचं नाव द्या. अक्षरांची आणि आकड्यांची कुणी वाट बघत नाही.

नेटवाला काम उरकून गेला. लेकीने तो फोन आईच्या हातात दिला, स्वतःचा घेतला आणि ती खाली रस्त्यापर्यंत गेली. मी कान टवकारून बसलो. वाकडा कानसुद्धा! थोड्या वेळाने जिन्याच्या वळणावरून साद आली. आली! स्वारी आली! मी निरोप सोडला, आईच्या हातात फोन थरथरला आणि तिने धावत जाऊन दार उघडलं. बेल वाजायच्या आत!

लेक उंबऱ्यावरच उभी राहिली. आईच्या हातातल्या फोनकडे पाहत ती मोठ्याने, अगदी बाबांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"बाबा, गर्दीचं मी उगाच सांगायचे. तुम्ही दारात उभे असायचात, म्हणून मी यायचे."