थेंबांऐवजी झाकणभर

मी एक जुनी ड्रायरची बाटली आहे. माझ्या पोटातले जांभळे द्रावण म्हणजे खरे तर साबण. दचकलात ना, मित्रांनो? कळले तेव्हा मीही दचकले होते. धातू आणि तेलातले आम्ल मिळून जे बनते, त्याला रसायनशास्त्रात साबणच म्हणतात. कारखान्यात कोबाल्ट नावाचा धातू तेलातल्या आम्लाशी एकजीव झाला आणि मी जन्मले, पण माझ्याने साधा रुमालही धुतला जाणार नाही. तैलरंग लवकर वाळवणे, एवढेच माझे काम.

मला एका चित्रकाराने आणले. तो काडीने मोजून थेंब टाकायचा. आठवडाभर ओला राहणारा रंग दोन दिवसांत वाळला, की सगळ्यांपुढे माझे कौतुक करायचा. मी फळीवर तोऱ्यात असायची.

मग त्याने वडिलांचे चित्र काढायला घेतले. ते पस्तिशीतच गेले होते. मागे उरला होता एक पुसट फोटो आणि आईची आठवण. आई शेजारी स्टुलावर बसून सांगायची, भुवया जाड कर, हनुवटीवरची खळी विसरू नकोस. चार दिवसांनी ती लेकीकडे कायमची राहायला जाणार होती आणि तिला हे चित्र सोबत न्यायचे होते. चित्रकाराने रंगाचे जाड थर चढवायचे ठरवले. एवढा रंग वाळणार कधी? त्याने थेंब मोजायचे सोडून झाकण भरले आणि रंगात ओतले. मी हादरलेच. अरे बाबा, जास्त घातले की जास्त चांगले वाळते, हे तुला कोणी सांगितले? पण बाटलीचे ऐकतो कोण!

दुसऱ्या दिवशी त्याने बोट लावून पाहिले. रंग कोरडा लागला आणि तो खूश झाला. मला मात्र ठाऊक होते, वर नुसती साय धरली होती. आत सगळे ओलेच होते.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने चित्रावरचा कपडा काढला आणि तो जागीच खिळला. सायीला चुण्या पडल्या होत्या. वडिलांच्या कपाळावर, गालांवर, डोळ्यांभोवती सुरकुत्याच सुरकुत्या. हे मी केले होते.

आईची बॅग दाराशी भरून तयार होती. चित्रकाराने रंग खरवडायला सुरी उचलली, तेवढ्यात आई आत आली. चित्राजवळ जाऊन तिने त्या सुरकुत्या न्याहाळल्या. मग तिने त्याचे मनगट धरले.

"राहू दे. मी म्हातारी झाले, हे मात्र फोटोत तरुणच राहिले. आज पहिल्यांदा माझ्या बरोबरीचे दिसतायत."

ते ओले चित्र तिने तसेच मांडीवर धरून नेले.

मित्रांनो, तिने ती चूक पोटात घातली, पण चूक ती चूकच. माझा धक्का अजून ओसरलेला नाही. कोणाचा चेहरा रंगवायला घ्याल, तेव्हा त्याला वाळायला वेळ द्या. सगळेच काही माझ्यावर सोपवू नका.