काठवटीचं पाणी

बेटावरचे तीन पंच होडीने आले, त्या दिवशी माझी मुलगी फिला घरात गाठोडी बांधत बसली होती.

मी म्हटलं, "अगं, निकाल तर लागू दे."

"बाबा, निकाल काय लागणार ते शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे," ती म्हणाली. "पाळणा न्यायचा की नाही, तेवढं सांगा. जहाजात जागा कमी असते म्हणतात."

तिचं पोर आठ महिन्यांचं होतं. त्याचा जन्म आणि माझ्या बायकोचा, मिर्तोचा, मृत्यू एकाच महिन्यातला. थंडीच्या अखेरीस तिला ताप आला आणि सहा दिवसांत ती गेली. तेव्हापासून मला घरात बसवत नव्हतं.

भांडण होतं काठवटीचं. आमचं गाव पेत्रै डोंगराच्या एका अंगाला, केलाद्रा दुसऱ्या अंगाला. त्यांचा कोंबडा आरवला की आम्हाला ऐकू येतो, पण ओझं घेऊन त्यांच्याकडे जायचं तर होडीने भूशिराला वळसा घालून अख्खा दिवस जातो. मधल्या डोंगराच्या माथ्यावर एक खोलगट सपाट जागा आहे, तीच काठवट. आमच्याकडे नांगर चालेल अशी जमीन तेवढीच. बाकी सगळा उतार नि दगड. तिथे ऑलिव्ह येतं, शेळी जगते, जव येत नाहीत. दोन वर्षं केलाद्राचे लोक उभ्या जवात मेंढ्या घालत होते. डोकी फुटली. शेवटी दोन्ही गावांनी ठरवलं, समोरच्या बेटावरून तिऱ्हाईत पंच बोलवायचे आणि ते सांगतील ते मान्य करायचं.

आमच्या भागात हद्दीचा नियम जुना आहे. डोंगरावरचं पाणी ज्या गावाकडे उतरतं, जमीन त्या गावाची. काठवट गेली तर वीस घरांना भाकर उरणार नव्हती. गावसभेने आधीच ठरवून टाकलं होतं की ज्यांची शेतं काठवटीत, ती घरं हिवाळ्यात समुद्र बंद व्हायच्या आत जहाजावर चढतील आणि पश्चिमेला जाऊन नवं गाव वसवतील. आमच्याकडे माणसं जास्त झाली की समुद्रच ती उचलतो. गेलेलं माणूस मी तरी परत आलेलं पाहिलेलं नाही. फिलाचं आणि तिच्या नवऱ्याचं, अँड्रॉनचं, सगळं शेत काठवटीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गावचे पुरुष वर जमले. पंचांचा म्होरक्या युफ्रोन. बुटका, पोट सुटलेला, डोंगर चढून धापा टाकत होता. केलाद्राकडून गोर्गोस बोलायला उठला. त्याला फार बोलावं लागलंच नाही.

"पंचहो, ओढ्याचं तोंड कुणीकडे आहे ते बघा, म्हणजे झालं," तो म्हणाला.

ओढा काठवटीच्या मधून वाहत जाऊन केलाद्राच्या बाजूच्या कड्यापाशी एका भोकात शिरतो. त्या भोकाला आम्ही घसा म्हणतो. पाणी आत जातं आणि नाहीसं होतं.

आमचा केफालोन आजोबा-पणजोबांच्या थडग्यांबद्दल बोलू लागला. युफ्रोनने हात वर केला. "थडगी नकोत. पाण्याचं सांगा."

केफालोन खाली बसला. मग मी पुढे झालो. एवढ्या लोकांसमोर मी कधी बोललो नव्हतो.

"घशात गेलेलं पाणी आमच्या झऱ्याला येतं," मी म्हटलं.

"पाहिलंस तू?" गोर्गोसने विचारलं.

"बायकोने पाहिलंय."

दोन्ही गावं हसली. आमचं गाव जास्त हसलं.

मग मी सगळं सांगितलं. लग्न झालं त्याच वर्षी मिर्तो झऱ्यावरून हंडा घेऊन आली आणि पाण्यावर तरंगणारं जवाचं भूस तिने मला दाखवलं. म्हणाली, वर मळणी झाली की तिसऱ्या दिवशी झऱ्याला भूस येतं. खळं ओढ्याला लागूनच आहे, वारा भूस पाण्यात टाकतो. मी तिला म्हटलं होतं, वाऱ्याने उडून आलं असेल, गाळून घे. तिने गाळून घेतलं. पुढे सव्वीस वर्षं दर मळणीला गाळत राहिली आणि पुन्हा कधी मला काही म्हणाली नाही. पाणी भरणं बायकांचं काम. मी काय, गावातला एकही पुरुष झऱ्यावर जात नाही.

युफ्रोन हसला नव्हता. तो म्हणाला, "बाईची साक्ष मला घेता येत नाही. आणि ही बाई तर हयातही नाही. तू शपथ घेशील?"

मेंढा कापला. त्याच्यावर हात ठेवून मी शपथ घेतली की घशात टाकलेली वस्तू तिसऱ्या दिवशी आमच्या झऱ्याला येईल, आणि खोटं असेल तर माझं घर मुळासकट उपटून जावं. 'तिसऱ्या दिवशी' हे शब्द मला कुणी मागितले नव्हते. मिर्तो तसं म्हणायची, म्हणून माझ्या तोंडून ते निघाले.

"पण टाकायचं काय?" दुसऱ्या पंचाने विचारलं.

"भूस चालणार नाही," गोर्गोस म्हणाला. "भूस यांच्या घराघरात आहे. आणि डोक्यातही."

युफ्रोनच्या होडीत गेरू होता, होडीच्या बुडाला फासायचा. दोन पोती वर आणवली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घशात रिकामी केली. ओढा लाल झाला, खाली गेला, संपला. मग एक पंच केलाद्राच्या झऱ्यावर बसला, त्याच्याजवळ आमचा माणूस. युफ्रोन आमच्या झऱ्यावर बसला, त्याच्याजवळ खुद्द गोर्गोस. तिसरा पंच घशापाशी थांबला, कुणी आणखी काही टाकू नये म्हणून.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. मी झऱ्यासमोरच्या दगडावर बसून होतो. बायका यायच्या, हंडे भरायच्या, माझ्याकडे बघून कुजबुजायच्या. पुरुष झऱ्यावर बसलेला त्यांनी पाहिला नव्हता, आणि आता तर तीन बसले होते.

तिसऱ्या दिवशी सूर्य समुद्राला टेकला तरी पाणी काचेसारखं स्वच्छ.

गोर्गोसने ओंजळभर पाणी पिऊन मिशा पुसल्या. "छान आहे हो पाणी. गेरूची चव काही लागत नाही. युफ्रोन, याची शपथ खोटी ठरली. लिहा निकाल."

केफालोन माझ्या अंगावर आला. "तुला कुणी बोलायला सांगितलं होतं? आता गावाची लाजही गेली."

तेवढ्यात बिट्टो म्हातारी आली. हिने माझ्या आईबरोबर पाणी भरलेलं. हंडा खाली ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"दामिस, अरे शहाण्या, मिर्तो कुठल्या दिवसांचं सांगायची?"

"मळणीच्या."

"तेव्हा ओढ्याला पाणी किती असतं? गुडघाभर. आणि आता, उन्हाळा सरता सरता? घोटा भिजत नाही. पाणी आता माझ्यासारखं झालंय बाबा. चालतं, पण बसत बसत चालतं. पाचवा दिवस उजाडेल त्याला. शपथ घ्यायच्या आधी आम्हाला विचारायला तुझी जीभ झिजली असती का?"

गोर्गोस म्हणाला, "पंचहो, बाईची साक्ष चालत नाही."

"मग हंड्याची घ्या," बिट्टो म्हणाली. "हंडा काही बाई नाही."

युफ्रोन इतका हसला की त्याला खोकला लागला. एवढ्यात केलाद्राच्या झऱ्यावरून निरोप घेऊन माणूस पोचला. तिकडेही गेरू आलेला नव्हता.

"दोन पोती गेरू डोंगराने गिळलाय, तो कुठेतरी ओकणारच," युफ्रोन म्हणाला. "तोवर मी इथून हलत नाही."

"आणि शपथ?" गोर्गोस म्हणाला.

"शपथेचं हा आणि देव बघून घेतील. मला जमिनीचा निकाल द्यायचाय. पण कृत्तिका मावळायला आल्यात, वादळं सुरू होऊन समुद्र बंद होईल. परवाच्या संध्याकाळपर्यंत थांबतो. नंतर जे डोळ्यांना दिसतंय त्यावर निकाल. ओढ्याचं तोंड."

घरी गेलो तर फिलाला सगळं कळलेलं होतं.

"बाबा, घराची शपथ घेतलीत?"

"हो."

"म्हणजे माझ्या पोराची."

मी मान खाली घातली. तिने पोराला खांद्यावर घेऊन थोपटलं. मग म्हणाली, "आई खोटं बोलत नव्हती."

"तेव्हा मी ऐकलं नाही, फिला."

"आता ऐकलंत. थोडं उशिरा ऐकलंत, एवढंच." आणि तिने बांधलेलं एक गाठोडं सोडून त्यातून पोराची फडकी काढली. त्याच्या अंगावरची ओली झाली होती, बदलायला हवी होती.

चौथा दिवस कसा गेला ते मला सांगता येणार नाही. पाचव्या दिवशी सकाळी अख्खं गाव झऱ्यावर होतं. ज्या पुरुषांनी उभ्या जन्मात झरा पाहिला नव्हता ते "जरा सरक, जरा सरक" करत बायकांच्या रांगेत घुसत होते आणि शिव्या खात होते. ऊन चढलं. गोर्गोस सावलीला बसून ऑलिव्ह खात होता, बिया मोजून एका रांगेत मांडत होता.

फिलाची पाळी आली. तिने हंडा धारेखाली धरला. अर्धा भरला, आणि ती थांबली.

"बाबा."

धारेच्या कडेला एक केसाएवढी रेघ होती. मला वाटलं, ऊन पडलंय. मग ती बोटाएवढी झाली. मग सगळी धारच लाल झाली, टाकं लाल झालं, पाट लाल झाला. पाणी दगडांवरून उड्या मारत गावातून खाली निघालं आणि बंदराजवळ समुद्रात शिरलं, तिथेही लाल पट्टा दिसू लागला. फिलाने हंडा डोक्यावर उपडा केला. तोंड, केस, कपडे सगळं गेरूने माखलं आणि ती ओरडायला लागली, "आई बरोबर होती! माझी आई बरोबर होती!"

मग जो कल्लोळ झाला तो केलाद्रापर्यंत ऐकू गेला असणार. बायका एकमेकींना गेरूने रंगवत होत्या. केफालोनने मला मिठी मारली आणि त्याचा पांढरा अंगरखा कामातून गेला. अँड्रॉन पोराला उंच धरून नाचत होता. बिट्टोने तांब्या भरला आणि सरळ गोर्गोसपुढे नेऊन धरला.

"घ्या भाऊ. आज चव लागते का बघा."

एक सांगायला हवं, गोर्गोस माणूस होता. त्याने तांब्या घेतला, सगळ्यांसमोर रिकामा केला, तोंड पुसलं आणि युफ्रोनला म्हणाला, "मी इथून पाच दिवस हललो नाही. कुणी काही टाकलेलं नाही. पाणी यांचं आहे." त्याच्या गावकऱ्यांना हे सांगायला तो त्याच दिवशी शेळ्यांच्या वाटेने निघाला. चढताना त्याच्या दाढीला गेरू लागलेला होता.

संध्याकाळी आम्ही सगळे काठवटीत चढलो. बायकासुद्धा. ढोल, बासऱ्या, दोन बोकड. कड्याला लागून हद्दीचे दगड रोवले. घशाजवळच्या मोठ्या दगडावर पाथरवट निकाल कोरू लागला. पाणी जिकडे उतरतं तिकडे जमीन, घशाचं पाणी पेत्रैच्या झऱ्याला उतरतं, साक्ष अमक्याची.

"नाव सांग," युफ्रोन मला म्हणाला. "दामिस, कुणाचा मुलगा?"

"दामिस, मिर्तोचा नवरा," मी म्हटलं.

पाथरवटाने छिन्नी थांबवली. "असं नसतं लिहीत. बापाचं नाव सांगा."

"माझ्या बापाने जन्मात झऱ्यावरून तांब्याभर पाणी आणलं नाही. त्याला यातलं काय ठाऊक?"

"अरे, लोक हसतील," केफालोन म्हणाला. "परगावचा कुणी वाचेल तर म्हणेल, पेत्रैच्या पुरुषांना बाप नसतात."

"हसू दे."

युफ्रोनने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "साक्षीदार जे नाव सांगतो तेच त्याचं. कोर रे."

पाथरवट पुटपुटत कोरायला बसला. लोक हसलेच. बिट्टो सगळ्यांत मोठ्याने. मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं, ते कुणी मनावर घेतलं नाही. पाथरवटाने नाव पुरं केलं, वरची धूळ फुंकली, आणि फिलाने पोराचा तळवा त्या अक्षरांवर टेकवला.