मनुताईचं एक इंग्रजी वाक्य

मनुताई त्या वर्षी अकरावीला होती आणि तिला पुढे सांगलीला, विश्रामबागच्या कॉलेजात जायचं होतं. आमच्या वडिलांना, आबांना, मात्र तिचं लग्न उरकायचं होतं. पाटणचं आमचं घर लहान आणि आबांचा आवाज मोठा, त्यामुळे घरात त्यांचंच ऐकू यायचं.

त्याच आठवड्यात मास्तरांनी वर्गाला 'रिफ्यूज' हे क्रियापद शिकवलं. अर्थ, नकार देणे. ताई घरी येऊन तेच घोकत बसली. चूल फुंकताना आय रिफ्यूज, भांडी घासताना यू रिफ्यूज. वैरण टाकतानाही तेच, म्हैस बिचारी खायची थांबून बघायची. अर्थ पाठ झाला होता, पण मास्तरांना वाक्यात उपयोग हवा होता आणि तो काही हिला सुचत नव्हता.

रविवारी कराडकडची मंडळी तिला बघायला आली. मुलगा नाथाजी, पलटणीत क्लार्क, सुटीवर आलेला. सोबत त्याची आई साळूबाई आणि मामा. त्यांनी ताईला चालायला लावलं, सुई ओवायला लावलं. मला असा राग आला, वाटलं मामांच्या चहात मूठभर मीठ टाकावं. त्यात मामा म्हणाले, "पोरगी अकरावीत हाय म्हणं. एखादं विंग्रजी वाक्य होऊन जाऊ द्या की."

ताईनं पदर सारखा केला, नाथाजीकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "आय रिफ्यूज टू मॅरी यू."

"आरं वा! लय फाडफाड बोलती की!" मामा खूश झाले. आबांची छाती फुगली. साळूबाईंनी तर ओटी भरायला पिशवीतून नारळही काढला.

नाथाजीचे कान तेवढे लाल झाले. त्यानं कपबशी खाली ठेवली. "आई, नारळ ठिव आत. तिनं मला नकार दिलाय." मग उठता उठता ताईला म्हणाला, "वाक्य अगदी बरोबर हाय." मला तो माणूस फार आवडला.

मंडळी गेल्यावर आबा भडकले. "नको हुतं तर सरळ मराठीत सांगायचं! चारचौघांत माझी शोभा कशाला केलीस?"

"मराठीतच सांगितलं हुतं की, आबा," ताई म्हणाली. "परवा सांगितलं, काल सांगितलं, आज सकाळी बी सांगितलं. तुमी म्हणला, च्या ठेव."

आबा उठून बाहेर ओट्यावर पाय सोडून बसले. मग आतल्या दिशेनं हळूच म्हणाले, "मने, ते विश्रामबाग... एष्टीनं कुठं उतरायचं आसतं गं?"