पत्र्याची जीभ

आमची तान्ही पुट्टी पाळण्यात झोपली की माझ्याकडे चाळीस मिनिटं असतात. कधी पस्तीसच. त्या दिवशी ती मी भांड्यांवर घालवणार होते. पण काच धुणाऱ्या फवाऱ्याचं पाणी भरायला गाडीचं बॉनेट उघडलं आणि नजर ब्रेक ऑईलच्या डबीवर गेली. तेल खालच्या रेघेला टेकलं होतं. पंधरा दिवसांपूर्वीच शशिधरांना, माझ्या नवऱ्याला, ते भरताना मी पाहिलं होतं.

वाकून चारही चाकं बघितली. अंगणात तेलाचा एक थेंब नव्हता.

तीर्थहळ्ळीला माझ्या अप्पांचं गॅरेज होतं. लग्नाआधी मी तिथे पावत्या लिहायचे, आणि पावत्यांपेक्षा जास्त शिकायचे. कुठे गळत नसताना तेल उतरतं तेव्हा ब्रेकचे पॅड झिजलेले असतात, त्यांना दाबणारा पिस्टन पुढे सरकतो आणि मागची जागा तेल भरून काढतं. अशा वेळी तेल भरत बसायचं नाही, चाक खोलायचं.

आणि दीड वाजता शशिधर शीनप्पय्यांना घेऊन आगुंबे घाट उतरणार होते. शीनप्पय्या आमच्या गावचे जुने पोस्टमन. आठवड्यातून दोनदा उडुपीला डायलिसिस असतं, चुकवून चालत नाही. चौदा वळणं, आणि प्रत्येक वळणाला ब्रेक.

"अहो, आत्ताच्या आत्ता पुढची चाकं खोलू या."

ते तांदळाची अक्की रोट्टी खात होते. "का? आवाज येतोय?"

"नाही."

"मग! गाडी गप्प आहे आणि बायको करकरतेय."

मी वाद घातला नाही. मागच्या चाकांना दगड लावले, नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक फिरवायला घेतला. ते रोट्टीचा तुकडा हातात घेऊन धावत आले.

"चैत्रा, अगं, पाळण्याकडे कोण बघणार?"

"ओसरीवरच आहे. दिसतोय मला."

चाक निघालं. खालचा बोल्ट काढून मी पॅड धरणारा कॅलिपर वर उचलला आणि आतलं पॅड ओढून काढलं. त्यावर नीर डोशाएवढा पातळ थर उरला होता. नवं असतं तेव्हा तो चांगला बोटभर जाड असतो. पण माझा हात थांबला तो दुसऱ्याच गोष्टीपाशी. पॅडच्या कडेला पत्र्याची एक छोटी जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासते आणि कर्र आवाज करते, म्हणजे आपल्याला कळावं. ती पकडीने पार मागे वळवलेली होती.

"ही कोणी वळवली?"

शशिधर रोट्टीकडे बघत राहिले. "तूच सांगितलंस."

"मी?"

"गौरीच्या सणाला, माहेराहून येताना. पुट्टी दर ब्रेकला दचकून उठत होती. काहीही करा पण तो आवाज बंद करा, म्हणालीस. म्हटलं, आठवडाभर चालेल. नवे पॅडही आणून डिकीत ठेवलेत. मग सुपारीचा हंगाम लागला, रोज भाडी लागली..."

मला सगळं आठवलं. आवाज गेला तेव्हा मी यांना दोनदा म्हणाले होते, किती छान केलंत. काय केलंत ते मात्र विचारलं नव्हतं. त्यानंतर पुट्टीला मांडीवर घेऊन तीन वेळा घाट उतरले होते, आणि तिन्ही वेळा ती गाढ झोपली होती म्हणून खूश झाले होते.

"डिकीतला पॅडचा डबा आणा," मी म्हणाले.

नव्या जाड पॅडला जागा हवी म्हणून पिस्टन शिकंज्याने मागे दाबायचा होता. पण तसं केलं असतं तर यांनी वरून भरलेलं तेल डबीतून उतू गेलं असतं. आधी ते थोडं उपसायचं कशाने? शशिधरांनी पुट्टीच्या औषधाची सिरिंज आणली. तेल काढलं, आणि मी ती तिथेच मोडून टाकली. चुकूनसुद्धा परत तिच्या तोंडात जायला नको.

एक बाजू झाली तोच पाळणा हलला. फाटकाशी शीनप्पय्याही आले, छत्री टेकत.

"एवढ्यावर जातो," शशिधर घड्याळ बघत म्हणाले. "दुसरी बाजू उद्या."

"एकीकडे नवं आणि एकीकडे संपलेलं? वळणावर गाडी एका अंगाला ओढेल."

"अगं, त्यांची वेळ चुकेल!"

"शशी, गप रे," शीनप्पय्या पुट्टीला खांद्यावर घेत म्हणाले. "मशीनला थांबायची सवय आहे. मला दरीत जायची नाही. पोरी, सावकाश चालू दे तुझं."

सावकाश कसलं. पुट्टी भुकेने किंचाळत होती, माझे हात कोपरापर्यंत काळे. दुसरी बाजू वीस मिनिटांत झाली. ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होईपर्यंत शशिधरांनी दाबलं. मी खिडकीशी उभी राहिले.

"आगुंबेपर्यंत सरळ रस्ता आहे. तेवढ्यात वीस-पंचवीस वेळा हलकेच ब्रेक मारा. नवं पॅड सुरुवातीला नीट धरत नाही. आणि घाट दुसऱ्या गिअरमध्येच."

"बरं, अप्पा," ते म्हणाले. हसले नाहीत.

साबणाने तीनदा हात घासले आणि पुट्टीला पदराखाली घेतलं. ती लगेच शांत झाली, मी नाही. घाटात फोन लागत नाही. खाली सोमेश्वरला पोहोचायला तास पुरतो. तास झाला. वर दहा मिनिटं झाली. वीस झाली. फोन खिडकीत होता. वाजला तेव्हा मी तिला तशीच छातीशी धरून उठले.

"उतरलो गं!" शीनप्पय्या ओरडत होते. "तुझा नवरा इतका हळू चालवतो की मागच्या बसवाल्याने शिव्या दिल्या."

"देऊ देत. शीनप्पय्या, पुढच्या चाकाशी जाऊन जरा वास घ्या. हात लावू नका, फक्त वास."

"मी? वास?"

"जळका येतोय का ते सांगा."

दार उघडल्याचा आवाज आला. मग दोनदा जोरात हुंगल्याचा.

"शेण आहे," ते म्हणाले. "टायरला. बाकी काही नाही."