निळ्या मण्याचा लेथ

मी एक जुना लेथ आहे. अलेक्झांड्रियात, होड्या बांधतात त्या किनाऱ्यामागच्या गल्लीत, उस्ता दुसूकीच्या, म्हणजे दुसूकी मिस्त्रीच्या, कारखान्यात माझा मुक्काम असतो. लोखंडी दांडा माझ्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, गरगर फिरतो आणि हत्यार त्याला सोलत जातं. मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तो मला मालकाकडून लागला.

मला नजर लागू नये म्हणून उस्तानं माझ्या डोक्यावर दोरीनं निळा मणी आणि तान्ह्या बाळाचा बूट टांगला होता. शिकाऊ पोरांना तो हातचं राखूनच शिकवायचा. शेवटचा काप आला की त्यांना चहा आणायला पिटाळायचा. कारण हत्यार पुढे-मागे सरकवणारं माझं हँडल ढिलं झालंय. उलटं फिरवलं की ते आधी नुसतंच फिरतं, हत्यार जागचं हलत नाही. हँडलवरच्या मापाच्या खुणेच्या पुढे गेलात आणि तेवढंच मागे आलात, तर माप चुकलंच म्हणून समजा. चांगलं मागे जाऊन पुन्हा पुढे यावं लागतं. हे गुपित आम्हा दोघांतच होतं.

अशात त्याची लेक इन्शिराह रोज येऊन मला पुसू लागली. माझ्या मनात पाल चुकचुकली. यापूर्वी मला इतक्या मायेनं पुसलं होतं ते एका भंगारवाल्यानं, खाली लोखंड कसं आहे ते पाहायला. त्यात एका सकाळी तिनं मण्याची दोरीच काढून ठेवली. झालं, आता आपली पाठवणी, असं मी धरून चाललो.

उस्ताचा संशय वेगळाच होता. लेकीला गुण असे पडले होते की मोठ्या विद्यापीठाचं दार उघडं होतं. तिथून बाहेर पडणाऱ्याला सगळी गल्ली अदबीनं 'बाशमुहंदिस', म्हणजे इंजिनियरसाहेब, म्हणते. ही मात्र शहराबाहेरच्या तंत्र महाविद्यालयाचा हट्ट धरून बसली, जिथं निम्मा आठवडा यंत्रापाशी काढायचा. हे हिच्या डोक्यात कुणी भरवलं, तिथं कुणी मुलगा तर नाही ना, असं तो बायकोला खोदून खोदून विचारत होता.

एके दिवशी रईस अबुल-ऐनैन, म्हणजे किनाऱ्यावरचा एक तांडेल, आपल्या होडीच्या पंपाचा दांडा करून घ्यायला आला. उस्तानं लोखंड लेकीपुढे ठेवलं.

"हा कर. जमला तर तुझं कॉलेज, नाही तर माझं."

हँडलबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

तिनं काम चांगलं उरकत आणलं. शेवटच्या कापाचं माप लावताना मात्र ती खुणेच्या जरा पुढे गेली. हत्यार अजून दांड्याला टेकलं नव्हतं. उस्ता हाताची घडी घालून पाहत राहिला. इन्शिराह थांबली, हँडल चांगलं मागे नेलं आणि सावकाश पुढे येऊन खुणेवर आली. कापानंतर रईसनं मापासाठी आणलेली पितळी कडी दांड्यावर अलगद बसली.

उस्ताचा चेहरा उतरला. "हे तुला कुणी सांगितलं? खरं सांग."

"कॉलेज बघायला गेले होते ना, बाबा, तेव्हा. जुन्या मशीनचं हँडल असं ढिलं असतंच, तिथले सर म्हणाले. पहिल्याच तासाला शिकवतात."

"सगळ्यांना?"

"जो येईल त्याला."

"आणि मणी का काढलास?"

"दोरी चकवर लोंबत होती. कधीतरी अडकली असती, आणि ती सोडवायला तुम्हीच हात घातला असता."

रईस हसला. "उस्ता, तू जन्मभर कुलपात ठेवलंस, ते तिथं फुकट वाटतात की."

उस्ताला ते फार लागलं. तो बराच वेळ दांड्यावरून बोट फिरवत बसला. मग लेकीकडे न बघताच म्हणाला, "जा. पण तिथल्या मशीनलाही पुसत जा."

महाविद्यालयाच्या पहिल्या दिवशी त्यानं तो मणी तिच्या पिशवीला बांधला, दोरी अगदी आखूड ठेवून. आणि त्याच दिवशी, शेवटचा काप घेताना, त्यानं चहाला निघालेल्या पोरांना परत बोलावलं. "इकडे या. माझ्या हाताकडे बघा."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल द्या, पुसत जा, आणि जे येतं ते दुसऱ्याला दाखवा. इन्शिराह सुट्टीत येते, फडकं हातात घेते. मी अजून जरा बिचकतोच, स्वभावाला औषध नाही. पण आता भंगारवाला आठवत नाही.